पहिल्या मालकिणीची गॅरंटी

मंगळवार, ३ डिसेंबर

भिंगरीस,

आशीर्वाद लिहीत नाही. नऊ वर्षांत तू मागितले नाहीस, मग मी तरी पोस्टाचं तिकीट लावून का पाठवू? नुसतं काम आहे, तेवढं वाच. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून चौथीपर्यंतच्या शाळेला पुन्हा कामाला लावलंय. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, मी बोलते तसंच लिहिलंय.

तुझं पिस्तूल बिघडलंय.

हो, तेच. क्लबच्या लोखंडी कपाटात तू सोडून गेलीस ते. हल्ली ते टिकली चालवते. टिकली म्हणजे तुझ्या दादाची पोरगी. तू गेलीस तेव्हा सात वर्षांची होती, पुढचे दात पडलेले. आता सोळाची आहे, दात आलेत आणि ते माझ्यावरच काढते. तुझा दादा आणि वहिनी दोघंही कामाच्या पाळ्यांना जुंपलेले, म्हणून सकाळी सहाला तिला क्लबवर मीच नेते.

हसू नकोस. मी काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. "पोरीच्या जातीने हातात बंदूक धरली तर तिचा हात कोण धरणार?" असं म्हणाले होते, चार लोकांत. आता मी थर्मास मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसते आणि पोरीची गोळी निशाणावरच्या नऊच्या वर्तुळाबाहेर गेली की खोकते. क्लबातल्या लोकांना वाटतं मला दमा आहे.

तर चाप ओढला की नुसतं टिक होतं. गोळी जातच नाही. कधी गेलीच, तर वरची स्लाइड अर्ध्या वाटेत अडकते, दारात पाहुणा घुटमळावा तशी. पंचवीस जानेवारीला निवड-स्पर्धा आहे. तीच, जी तुझी राहिली.

क्लबचे मिस्त्री, तुझ्या वेळचेच, म्हणाले की कंपनीची आयुष्यभराची गॅरंटी आहे, कंपनीलाच विचारा. मी फोन लावला. एक बाई आली, गोड आवाजाची. म्हणाली, गॅरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला मिळते. मी विचारलं, "आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य? हत्याराचं, कंपनीचं, की विकत घेणारीचं?"

"पहिल्या खरेदीदाराचं, आजी."

"मग ती ठणठणीत आहे."

"तुमचं बोलणं होतं का त्यांच्याशी?"

"नाही. पण रागावलेली माणसं लवकर मरत नाहीत."

तिने फॉर्म पाठवला. सोबत जोडलाय. तीन ठिकाणी सही कर, पेन्सिलीने फुल्या मारल्यात. पत्ता मिस्त्रींनी दिला. त्यांच्याकडे तो कसा, हे मी विचारलं नाही.

आता राहिलं कार्ड. गॅरंटीचं कार्ड, बिल आणि त्या राहिलेल्या स्पर्धेचा तुझा प्रवेशाचा कागद, असा तो लिफाफा मी शेगडीत घातला असं तुला सांगितलं होतं. घातला नव्हता. शेगडी विझलेली होती. शिवणयंत्राच्या खणात आहे.

लिहिणारी,
कोण ते तुला ठाऊक आहे


गुरुवार, १२ डिसेंबर

भिंगरीस,

उत्तर नाही. बरं. तोंड फिरवणं तू माझ्याकडूनच शिकलीस, त्यामुळे तक्रार करायची मला सोय नाही.

पिस्तुलाचं नवीन ऐक. सकाळी सहाला बिघडलेलं असतं. रेंजवर त्या वेळी बोलताना तोंडातून वाफ निघते, टिकली हातमोजे घालून बसते. टिक, टिक, टिक. मग उन्हं वर आली, मिस्त्रींनी ते दुपारी हातात घेतलं की एकदम शहाणं. दहाच्या दहा गोळ्या सटासट. मिस्त्री म्हणाले, "आजी, हे हत्यार आहे की सरकारी कचेरी? अकराशिवाय कामाला लागत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही त्याला ओरडून बघा."

त्यांनी मला विचारलं, तेलपाणी वेळेवर होतं ना? मी म्हटलं होतं. होतंच मुळी. रोज सराव झाला की टिकली बाकावर कापड पसरून पिस्तूल उघडते, पुसते, आणि मी शेजारी असते. घरात कुठल्याही वस्तूचं तेलपाणी मी चुकवलेलं तुला आठवतंय का? तुझी सायकल कधी कुरकुरली? तेव्हा त्या बाबतीत माझ्याकडे बघायचं कारण नाही.

दुसरं पिस्तूल घे म्हणून सगळे पोरीला सांगतात. क्लबची दोन आहेत, पण त्यांच्या मुठी बाप्यांच्या पंजाच्या. तुझ्या पिस्तुलाची लाकडी मूठ तू महिनाभर कानशीने घासून घासून स्वतःच्या हाताची करून घेतली होतीस, घरभर भुसा. मी तेव्हा केरसुणी घेऊन तुझ्या मागे मागे शिव्या देत फिरायचे. आता बघते तर टिकलीचा हात त्या मुठीत अंगठीत बोट जावं तसा बसतो. हात तुझाच उचललाय तिने. करंगळीसुद्धा तशीच वाकडी.

परवा तिने विचारलं, "आजी, आत्या नेम धरताना श्वास कधी सोडायची?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मी कधी बघायला गेले होते?"

पोरगी पुन्हा नेम धरायला लागली. मला मात्र ते वाक्य दिवसभर दातात अडकल्यासारखं झालं. म्हणून इथे काढून टाकलं.

फॉर्म पाठव.

लिहिणारी


शुक्रवार, २० डिसेंबर

भिंगरीस,

फॉर्म पोचला. तीन सह्या, फुल्यांच्या बरोब्बर वर. बाकी काही नाही. लिफाफा उलटा करून झटकला, आत बोट घालून पाहिलं. एक ओळ लिहिली असतीस तर शाई आटली असती का? पण असो, सही केलीस.

पिस्तूल रीतसर, परवानावाल्या दुकानदाराच्या हाती, सीलबंद डब्यातून कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलं. केंद्र तुझ्याच गावात आहे म्हणे, तू पोरांना पोहायला शिकवतेस त्या तलावापासून दोन चौक पलीकडे. मिस्त्री बोलून गेले. मग मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "तुम्हाला हे सगळं कसं कळतं?"

कान खाजवत खाजवत माणूस बोलला. दुसऱ्याच्या नावावरचं हत्यार टिकलीला चालवायला द्यायचं तर मालकिणीची लेखी परवानगी लागते. ती तू दोन वर्षांपूर्वीच पाठवलीस! न मागता! वर परवाना दर वेळी नवा करून घेतेस, एकदाही न चुकता.

म्हणजे दोन वर्षं मी इथे चोरासारखी, तुझ्या पाठीमागे तुझं पिस्तूल पोरीला वापरायला देतेय म्हणून मनातल्या मनात कुढत बसले होते, आणि तुला सगळं ठाऊक! मिस्त्रींना मी चांगलं झापलं. ते म्हणाले, "आजी, तुम्ही विचारलं नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही दवाखान्यात काम करायला हवं होतं, मेलेल्याची बातमीसुद्धा विचारल्याशिवाय दिली नसतीत."

घरातले बरे आहेत. टिकली रिकाम्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून उभी राहते, एकेक मिनिट, हात न हलवता. काल मधेच म्हणाली, "आजी, बाजूला हो, तू पंचवीस तारखेवर उभी आहेस."

लिहिणारी


शनिवार, ४ जानेवारी

भिंगरीस,

पिस्तूल परत आलं. चिठ्ठी अशी: "तपासणीत दोष आढळला नाही. दोनशे गोळ्या झाडून पाहिल्या."

दुसऱ्या दिवशी सहाला रेंजवर गेलो. टिक.

मी त्या गोड आवाजाच्या बाईला फोन लावला. विचारलं, "तुमच्या तपासणीच्या खोलीत गारठा असतो का?"

"नाही आजी, हीटर आहे. कारागिरांचे हात गारठू नयेत म्हणून."

"मग पंचवीस तारखेला तोच हीटर घेऊन या, आमच्या पोरीच्या शेजारी धरून उभ्या राहा."

ती हसली. मी हसले नाही, निदान फोनवर तरी.

आणखी एक चमत्कार सांगते. मिस्त्रींनी परवा पिस्तूल नाकाशी नेलं आणि म्हणाले, "याला वास कसला येतो? हत्याराचा नाही. न्हायलेल्या पोरीच्या डोक्यासारखा काहीतरी." त्यांना सर्दी आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

पिस्तूल दुसऱ्यांदा तिकडे रवाना केलंय. पण आता नियम वेगळा. एकच तक्रार दुसऱ्यांदा आली की पहिल्या खरेदीदाराने स्वतः केंद्रात यायचं, मूळ कार्ड आणि बिल दाखवायचं, आणि लिहून द्यायचं की हत्याराला कंपनीने सांगितल्याखेरीज दुसरं काहीही लावलेलं नाही, कुणी छेडछाड केलेली नाही. मग ते सगळं खोलून, हवे ते भाग बदलून, चार दिवसांत देतात. गॅरंटीत न बसणाऱ्यांची रांग तीन आठवड्यांची आहे. तीन आठवड्यांत पंचवीस तारीख होऊन जाते.

तेव्हा तुला जावं लागेल. कार्ड आणि बिल रजिस्टरने पाठवतेय. बघ, कोपराही मुडपलेला नाही. प्रवेशाचा कागद मात्र पाठवत नाही. तो आता कशाला?

टिकली कालपासून कमी बोलतेय. घर इतकं शांत झालंय की मला माझंच घड्याळ ऐकू येतं. मला आवडत नाही.

लिहिणारी


शनिवार, ११ जानेवारी

भिंगरीस,

तुझं पोस्टकार्ड आलं. नाव नाही, मायना नाही, सही नाही. एकच ओळ. "त्याला खोबरेल लावलं आहे का?"

नऊ वर्षांत पहिलं वाक्य, आणि तेही बरोबर.

मी आधी रागावले. कार्ड टेबलावर आपटलं, भांडी घासली, परत वाचलं. मग मिस्त्रींकडे गेले आणि पर्समधली बाटली त्यांच्यापुढे ठेवली. तुला माहीतच आहे ती, चपटी, बुचाला दोरा बांधलेला. ऑक्टोबरात क्लबची तेलाची कुपी संपली. नवी यायला आठवडा होता. पोरगी पिस्तूल कोरडंच बंद करायला निघाली. मी म्हटलं, थांब, तेल ते तेल. दाराच्या बिजागरीला हेच घालते, शिवणयंत्राला हेच, तुझ्या सायकलच्या साखळीला हेच, कान दुखला की कानात हेच. नवी कुपी आल्यावरही मी माझंच घालत राहिले. कुपीतलं पाण्यासारखं पातळ, मला त्याचा भरवसा वाटेना.

मिस्त्रींनी बाटली उचलली, खिडकीत थंडीत ठेवली आणि स्वतःचा चहा प्यायले. चहा संपेपर्यंत तेलाचं मेण झालं, पांढरं. तरी बाटली उलटी करून दाखवली मला, जशी काही मी आंधळी. म्हणाले, "आजी, तुमच्या या मेणात आतली पिन रुतून बसते. गोळीवर आपटायचं तर ती नुसती टेकते. दुपारी मेण वितळतं, पिन मोकळी. आणि त्यांच्या हीटरपुढे तर कायमच मोकळी." मग इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. रेंजवरची दोन माणसं नेम सोडून बघायला आली.

टिकली हसली नाही. ती म्हणाली, "आजी, मला माहीत होतं तू घालतेस. मला वाटलं तुला कळत असेल." हे जास्त लागलं.

आता नीट वाच. तू केंद्रात जाशील तेव्हा त्या कागदावर सही करू नकोस. दुसरं काही लावलेलं नाही, असं लिहून देऊ नकोस. खरं सांग. म्हातारीने केलं म्हणून सांग. त्यामुळे गॅरंटी जाईल, पिस्तूल तीन आठवड्यांच्या रांगेत पडेल, पंचवीस तारीख हुकेल, हे मला कळतं. टिकलीला मी ते समोर बसवून सांगितलं. ती उठून गेली आणि कॅलेंडरपुढे हात लांब करून उभी राहिली. रडत होती, पण हात हलला नाही.

एकदा कागदांच्या पायी तुला मी तोंडघशी पाडलं. दुसऱ्यांदा नाही पाडणार.

आणि ती शेगडी विझलेली नव्हती. चांगली पेटलेली होती. त्या दिवशी ते स्थळ दुपारी येणार होतं आणि तू सकाळपासून लिफाफा शोधत होतीस. मी तो पदराखाली घेऊन शेगडीपुढे उभी होते. टाकायला हात पुढे केला, पण टाकवला नाही. तुला मात्र टाकला म्हणून सांगितलं, तू घरी थांबावीस म्हणून. तू घरी थांबली नाहीस, आणि स्पर्धेलाही पोचली नाहीस. स्थळाची माणसं आली, खाऊन गेली. पोरगा बुटका होता.

प्रवेशाचा कागद सोबत पाठवते. तो तुझा आहे. फाड, नाहीतर ठेव.

लिहिणारी


रविवार, १९ जानेवारी

भिंगरीस,

आज काही काम नाही. सहा दिवस राहिले. तू केंद्रात गेलीस का, काय झालं, काही कळवलं नाहीस. त्या गोड आवाजाच्या बाईला विचारलं, तर म्हणाली माहिती फक्त पहिल्या खरेदीदारालाच देता येते. मी म्हटलं, "तिला सगळं माहीत असतं, मला काही नसतं, असंच चाललंय नऊ वर्षं."

टिकली क्लबच्या त्या बाप्यांच्या पिस्तुलावर सराव करते. मुठीला रुमाल गुंडाळते. नेम नेमका तिथेच जातो जिथे रुमाल सरकतो.

मी खोकणं बंद केलंय.

लिहिणारी


रविवार, २ फेब्रुवारी

भिंगरे,

तू होतीसच, मग हे कशाला लिहितेय? कारण तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. मागच्या बाकावरून सगळं दिसतं, म्हणून तर मी तिथे बसते.

पंचवीसला सहा वाजता तू फाटकातून डबा हातात घेऊन आलीस तेव्हा मिस्त्रींनी टोपी काढली. स्वतःच्या बायकोपुढे काढत नसतील. टिकलीने तुला ओळखलं नाही. "या कोण बाई?" असं माझ्या कानात विचारलं, आणि मग तू डबा उघडताना तुझी करंगळी बघितली, मग स्वतःची. तू तिला एवढंच म्हणालीस, "अर्धा श्वास सोड, उरलेला धरून ठेव." मग तू माझ्याकडे आलीस. माझी पर्स उघडलीस, चपटी बाटली काढलीस आणि स्वतःच्या खिशात घातलीस. झडती घेतात तशी. दोनशे माणसांत.

पहिली गोळी सुटली तेव्हा मी डोळे मिटले होते. आवाज आला. असा आवाज मला कधी गोड लागेल असं वाटलं नव्हतं.

सहाजणी घेतल्या, ही सहावी. घरी येताना तोंड पाडून बसली होती, शेवटची आले म्हणून. मी म्हटलं, "दारातून शेवटी आत आलेला माणूसही आतच असतो." आता पुन्हा दात काढते.

तुझा दादा तुझ्या गोष्टी सगळ्यांना सांगत सुटलाय. केंद्रातल्या माणसाने तीन आठवडे सांगितले, तेव्हा "मग तसंच परत द्या" म्हणून पिस्तूल मागून घेतलंस, घरी टेबलावर सगळं खोललंस, पेट्रोलने धुतलंस, कुपीतलं पातळ तेल घातलंस आणि खात्री करायला रिकामं पिस्तूल अख्खा दिवस फ्रिजमध्ये ठेवलंस, दुधाच्या पातेल्याशेजारी. घरमालकीण दूध घ्यायला आली ती फ्रिज उघडून किंचाळली म्हणे. मला वेडी म्हणतात, आणि पिस्तूल फ्रिजमध्ये ठेवणारी शहाणी!

दोन दिवस राहिलीस. फार बोललीस असं नाही. जाताना कार्ड आणि बिल पुन्हा माझ्याच हातात ठेवलंस आणि म्हणालीस, "तूच सांभाळ. तुझ्याकडे कागद जळत नाहीत." मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही, कारण सुचलं नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, मिस्त्रींना सांगू नकोस.

आता खरं कारण. काल कंपनीचं पत्र आलं. फॉर्मवर पत्ता मी इथला घातला होता, म्हणून इथे आलं. तुझं पत्र मी फोडलं. नऊ वर्षांत एवढं तरी फोडायला मिळालं. गॅरंटी नामंजूर. सोबत तू केंद्रात भरून दिलेल्या कागदाची नक्कल आहे. त्यात छापलंय, "हत्याराला अन्य पदार्थ लावला असल्यास, कोणी लावला?" पुढे मोकळी जागा. मी 'म्हातारीने' असं सांग म्हटलं होतं. घरच्या माणसाने असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. तू लिहिलंयस, "आईने."

खाली शिक्का आहे, गोल, जांभळा. पहिल्या खरेदीदाराची सही आहे.

नक्कल शिवणयंत्राच्या खणात ठेवली, कार्डावर. खण उघडताना करकरला. तू बाटली घेऊन गेलीस, मग क्लबवर जाऊन मिस्त्रींकडून त्यांचं ते पातळ तेल दोन थेंब मागून आणलं. चांगलं सरकतो आता.

तुझी आई,
कंपनीच्या कागदाप्रमाणे